दळदा मालिगावाचे मानकरी

श्रीलंकेतील कँडीच्या पेरहेरात, म्हणजे वार्षिक मिरवणुकीत, आसूड कडाडत जाणारे चाबूकवाले, अग्निगोल फिरवणारी पोरे आणि निशाणदार पुढे सरकले की जो पहिला हत्ती येतो, त्यावर पेरमुने राल नावाचा एक मानकरी बसलेला असतो व परंपरेप्रमाणे त्याच्या हाती ताडपत्रांची एक जुडी असते. राजाने या उत्सवाला दिलेली ती सनद होय, असे कोणी सांगतात. तर मंदिराच्या जमिनींचे आणि त्या जमिनींवर बसवलेल्या सेवांचे ते दप्तर होय, असे दुसऱ्यांचे म्हणणे आहे. जुन्या राज्यव्यवहारात सनदेवाचून दप्तर नसे व दप्तरावाचून सनदेला किंमत नसे, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन मतांत फारसा विरोध उरत नाही. रस्त्याच्या दुतर्फा दाटीवाटीने बसलेल्या लोकांची दृष्टी त्या जुडीवर ठरत नाही. ती मागून येणाऱ्या सुवर्णकरंडकाची वाट पाहत असते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या मुलखात वतनापायी भाऊबंदांनी एकमेकांचे गळे कापले आणि पुढे त्याच मुलखात वतन मोडून टाकण्यासाठी माणसे आयुष्यभर झगडली, त्या मुलखातून आलेल्या प्रवाशाची नजर मात्र त्या ताडपत्रांवरून सहजासहजी हलत नाही.

कँडीला तेथील लोक महानुवर म्हणतात. कोलंबोहून निघालेली आगगाडी कडुगन्नावेचा घाट चढून येथे पोहोचते. हा लोहमार्ग १८६७ साली खुला झाला. शहर डोंगरांच्या कुशीत, मध्ये शेवटच्या राजाने बांधवून घेतलेले तळे, आणि तळ्याच्या काठी दळदा मालिगाव, म्हणजे बुद्धाचा दात जेथे ठेवला आहे ते मंदिर. हा दात चौथ्या शतकात कलिंग देशाच्या राजकन्येने, हेममालेने, आपल्या केशसंभारात लपवून लंकेत आणला, अशी परंपरा आहे. अनुराधपूर, पोलोन्नरुव अशा राजधान्या बदलत गेल्या तसा तोही हलत गेला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस पहिल्या विमलधर्मसूर्याने त्याला कँडीत आणले. ज्याच्या ताब्यात दात त्याचे राज्य, अशी येथील प्रजेची दृढ समजूत होती. २ मार्च १८१५ च्या तहनाम्याने कँडीचे राज्य इंग्रजांच्या हाती गेले. त्या तहनाम्यात बुद्धाच्या धर्माला संरक्षण देण्याचे कलम घालावे लागले, आणि तरीही दोन-तीन वर्षांत बंड उठले तेव्हा बंडवाल्यांनी प्रथम पळवला तो दातच. १८१८ मध्ये तो पुन्हा इंग्रजांच्या हाती पडला, तेव्हा आता बंड मोडले असे लोकांनीच आपसांत ठरवून टाकले. तोफांनी जे साधले नसते ते एका करंडकाने साधले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मिरवणुकीचा काळ पंचांगाच्या भाषेत सांगावयाचा तर बहुधा श्रावण शुद्ध प्रतिपदेपासून श्रावण पौर्णिमेपर्यंतचा असतो; त्या पौर्णिमेला सिंहली लोक निकिणि पोय म्हणतात. प्रत्येक पौर्णिमा या देशात सरकारी सुट्टीची असून त्या दिवशी दारूची व मांसाची दुकाने बंद राहतात, आणि माणसे शुभ्र वस्त्रे नेसून विहारात जातात. आपल्याकडे कोकणकिनाऱ्यावर ज्या दिवशी नारळ समुद्रात सोडतात, बहुतेक त्याच दिवशी या उत्सवाची समाप्ती होते, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटला. कारण पेरहेराच्या मशालींचा सगळा उजेड नारळाचाच आहे.

मी सकाळी मंदिरात गेलो. १९९८ च्या जानेवारीत तमिळ वाघांनी स्फोटकांनी भरलेली मालमोटार या दारावर आणून उडवली, त्या दिवसापासून येथे प्रत्येकाची झडती होते आणि ती कोणाला अपमानाची वाटत नाही. आत गेल्यावर पादत्राणे ठेवण्याच्या जागेपासूनच फुलांचा वास सुरू होतो: निळी कमळे, पांढरा चाफा, मोगरा, पानांच्या द्रोणांतून वा नुसत्या ओंजळीतून. खालच्या मंडपात हेविसीचे वाजंत्री, कमरेला पांढरे कापड, डोक्याला पांढरी पट्टी, उघड्या अंगाने ढोल घेऊन उभे असतात. दवुल हा ढोल, तम्मेट्टम हे जोडवाद्य आणि होरणेव हे सनईच्या कुळातले सुषिरवाद्य यांचा तेथे असा गजर चाललेला असतो की शेजारच्याशी बोलावयाचे तर कानाशी लागावे लागते. पूजा दिवसातून तीनदा होते. वरच्या मजल्यावर गाभाऱ्याचा दरवाजा त्या वेळेपुरता उघडतो, रांग एका झरोक्यासमोरून सरकत जाते, आणि स्तूपाच्या आकाराचा, रत्नहारांनी झाकलेला सोन्याचा करंडक क्षणभर दिसतो. दात कोणाला दिसत नाही. एकात एक असे सात करंडक असून त्यांच्या किल्ल्या मल्वत्त आणि अस्गिरिय या दोन विहारांचे महानायक व मंदिराचा गृहस्थ कारभारी, ज्याला दियवदन निलमे म्हणतात, अशा तिघांच्या हाती वाटलेल्या आहेत. पूजेचा हक्क दोन विहारांकडे वर्षाआड पाळीने जातो. दियवदन निलमे हे पद १९३१ च्या कायद्याप्रमाणे निवडणुकीने भरले जाते व त्याची मुदत दहा वर्षांची असते. मात्र मत देण्याचा अधिकार सामान्य भाविकाला नसून महानायक, देवळांचे कारभारी व प्रांतांतील बौद्ध अधिकारी अशांनाच आहे. थोडक्यात, हे मंदिर हुजूरदप्तराच्या घडणीचे आहे, आणि राजा जाऊन दोनशे वर्षे लोटली तरी ती घडण मोडलेली नाही.

बुद्धाच्या दाताची मिरवणूक म्हणून आपण जी पाहतो, ती मुळात बुद्धाची नव्हतीच, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. अनुराधपूरला दंतधातूची मिरवणूक निघे याला पाचव्या शतकाच्या आरंभी तेथे राहिलेल्या फाहियानाची साक्ष आहे. शृंगारलेल्या हत्तीवरून दवंडी कशी पिटली जाई आणि दात अभयगिरीला कसा नेला जाई, हे त्याने लिहून ठेवले आहे. पण कँडीचा पेरहेरा हा नाथ, विष्णू, कतरगम म्हणजे आपला कार्तिकेय, आणि पत्तिनी या चार देवळांचा उत्सव होता. मदुरेच्या नायक घराण्यातून आलेल्या कीर्तिश्री राजसिंहाने लुप्तप्राय झालेली उपसंपदा, म्हणजे भिक्षूची पूर्ण दीक्षा, पुन्हा चालू करण्यासाठी सयामहून भिक्षू आणवले, आणि १७५३ मध्ये उपाली स्थविरांनी ती दिली. बौद्धांच्या राजधानीत ही देवांची मिरवणूक कसली, असा त्या पाहुण्यांनी आक्षेप घेतला तेव्हा राजाने दाताचा करंडक सर्वांच्या पुढे चालवण्याची आज्ञा केली, असे सांगतात. देव मागे सरले, पण निघून गेले नाहीत. आजही मालिगावाच्या मिरवणुकीमागून चारही देवळांच्या मिरवणुका आपापल्या कारभाऱ्यांसह, म्हणजे बस्नायक निलमेंसह, त्याच क्रमाने येतात.

प्रारंभ होतो तो फणसाच्या झाडाचे खांब चारही देवळांत रोवून. मग पाच रात्री देवळांच्या आवारातच फेऱ्या, नंतर पाच रात्री कुंबल पेरहेरा, आणि शेवटच्या पाच रात्री रंदोली, म्हणजे देवींच्या पालख्यांसह निघणारा थाटाचा पेरहेरा. दोन्हींतला फरक उजेडावरून, हत्तींच्या संख्येवरून आणि पोलिसांच्या बंदोबस्तावरून कळतो. रंदोलीच्या दिवशी दळदा वीदिय या रस्त्याच्या पदपथावर सकाळीच चटया अंथरून कुटुंबेच्या कुटुंबे जागा धरतात. परदेशी पाहुण्यांना खुर्च्या विकल्या जातात, आणि त्यांची किंमत ऐकून चटईवर बसणे हेच अधिक धार्मिक, असे माझे मत झाले.

रात्री आतषबाजीचा बार झाला आणि मिरवणूक निघाली. माझ्या समोरच एक मशालवाला थांबला. लांब दांड्याच्या टोकाला लोखंडी पट्ट्यांची टोपली, तीत जळते सुके खोबरे. त्याच्या मागे पाठीवर पोते घेतलेला दुसरा माणूस होता. ज्वाळा खाली बसू लागली की तो पोत्यातून वाटीएवढे तुकडे काढून हाताने टोपलीत टाकी, तेल उसळून ज्वाळा पुन्हा चढे, ठिणग्या त्याच्या उघड्या दंडांवर पडत आणि तो त्या न पाहताच पुसून टाकी. दंडांवर जुन्या भाजण्याचे डाग होते, काळे पडलेले, एकाशेजारी एक. करपलेल्या खोबऱ्याचा तो गोडसर, घशाला लागणारा वास सबंध रस्ताभर पसरला होता. अशा मशालींच्या उजेडात हत्तींच्या झुली, त्यांवर हल्ली लावतात त्या विजेच्या बारीक दिव्यांसह, लखलखत होत्या. पायांतल्या साखळ्यांचा आवाज ढोल क्षणभर थांबले तरच ऐकू येई. नर्तकांमध्ये वेस नर्तक श्रेष्ठ. त्यांचे रुपेरी शिरोभूषण आणि छातीवरची मण्यांची जाळी दीक्षेवाचून कोणाला घालता येत नसे. आता ही कला शाळांतून शिकवली जाते व शाळकरी मुलेही मिरवणुकीत नाचतात.

हत्तीदळाचा प्रमुख गजनायक निलमे स्वतः हत्तीवरून जातो, आणि त्यानंतर मालिगावाचा सुळेवाला हत्ती येतो. त्याच्या पायांखाली उघडी जमीन येऊ नये म्हणून पुढे पायघड्या टाकत व मागच्या उचलत माणसे धावत असतात. हे काम परंपरेने परटांचे. पाठीवरच्या अंबारीत करंडक असतो. खरा दात मंदिरातून हलत नाही, ही गोष्ट सर्वांना माहीत असते, आणि तरीही हत्ती समोर आला की चटईवरचा एकूण एक माणूस उठून हात जोडतो व चहूकडून ‘साधु, साधु’ असा घोष होतो. अनेक वर्षे हा मान नडुंगमुव राजा या हत्तीकडे होता. म्हैसूरकडे जन्मलेला, साडेदहा फूट उंचीचा हा प्राणी उत्सवासाठी आपल्या गावाहून कँडीपर्यंतचा मजल दरमजल प्रवास पायी करी व त्याच्या संगतीला सशस्त्र पहारा असे. २०२२ मध्ये तो मेला तेव्हा सरकारी इतमामाने त्याचा अंत्यविधी झाला. पण याच पेरहेरात २०१९ साली टिकिरी नावाची सत्तर वर्षांची हत्तीण चालवण्यात आली होती. झुलीखालचा तिचा हाडांचा सापळा छायाचित्रांतून जगाने पाहिला आणि काही आठवड्यांतच ती गेली. झूल सगळेच झाकते, हे व्यवस्थापकांना ठाऊक होते असे मानावे लागते. मालिगावाच्या मिरवणुकीच्या शेवटी, चौकोनी टोपी घातलेला, खांदे फुगवलेला अंगरखा आणि कमरेभोवती कित्येक वार कापड गुंडाळलेला दियवदन निलमे पायी येतो. त्या पोशाखात भराभर चालणे शक्यच नसल्यामुळे त्याच्या चालीला आपोआप गांभीर्य येते.

ही सगळी माणसे कोठून येतात, त्यांना येथे कोण आणतो, हा प्रश्न मला ताडपत्रांनी लावून दिला होता. मी ज्यांच्या घरी उतरलो होतो ते सेवानिवृत्त शिक्षक मला दुसऱ्या दिवशी वाजंत्र्यांच्या बिऱ्हाडी घेऊन गेले. मंदिरामागच्या एका पडवीत ढोल भिंतीशी ओळीने ठेवलेले, कातडी तापवण्यासाठी बाहेर उन्हात काढलेली, आणि मध्ये एक साठी उलटलेले वादक भात खात बसलेले. शिक्षकांनी त्यांना ‘गुरुन्नान्से’ अशी हाक मारली. ही हाक कलावंताला आदराने घालतात. पुढचे संभाषण शिक्षकांच्या मुखातून झाले.

“जमीन दोन पेलांची,” ते म्हणाले. पेल हे माप तेथे जमिनीत किती भात पेरावे लागते त्यावरून ठरते, जसे आपल्या कोकणात खंडी-मणाच्या पेऱ्यावरून जमीन सांगत. “आजोबांच्या आधीपासूनची. तिच्यावर सारा नाही. पाळीच्या दिवशी मालिगावात ढोल वाजवायचा आणि पेरहेराला यायचे, एवढेच.”

“विकता येते?”

“येते की. पण सेवा जमिनीबरोबर जाते. घेईल त्याने वाजवावे, नाहीतर वाजवणारा उभा करावा.”

भाऊवाटण्या होऊन या हिश्शांच्या, म्हणजे पंगुवांच्या, तक्षिमा इतक्या बारीक झाल्या आहेत की त्यांच्या घराची पाळी आता काही वर्षांतून एकदा येते. गावात कोणाच्या मयताला वाजवता का, असे मी विचारले. शिक्षक जरा अडखळले, पण त्यांनी प्रश्न पोहोचवला. म्हातारबुवांनी ताटातला हात न थांबवता सांगितले, “वडील वाजवत. मी सोडले. मालिगावात वाजवतो त्याला कोणी काही म्हणत नाही.”

त्या उत्तराचा अर्थ मराठी माणसाला फोड करून सांगावा लागत नाही. वाजंत्र्यांची बेरव ही जात, मशालवाल्यांची, परटांची, कुंभारांची घरे, या सर्वांना राजांनी विहारांच्या आणि देवळांच्या नावे गावे तोडून दिली व त्या गावांत त्यांना सेवेच्या बदल्यात जमिनी दिल्या. इंग्रजांनी १८३२ मध्ये राजाची वेठ, राजकारिय, बंद केली. परंतु मंदिरांच्या जमिनींवरची सेवा त्यांनी मोडली नाही. १८७० च्या कायद्याने मात्र ज्याला सेवा नको असेल त्याने तिच्या मोबदल्यात रोख रक्कम भरावी अशी सोय केली, आणि कोणत्या जमिनीवर कोणती सेवा हे ठरवण्यासाठी गावोगाव चौकशी करून नोंदवह्या तयार केल्या. आमच्याकडे त्याच्या थोडीच वर्षे आधी इनाम कमिशनने कागद तपासून इनामदारांच्या तोंडचे पाणी पळवले होते. तिकडे तपासणी झाली ती ढोलकऱ्याची आणि मशालवाल्याची.

१९५० च्या मे महिन्यात जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बेटावर आले होते. परिषदेचे अधिकृत प्रतिनिधी म्हणून बसणे त्यांनी नाकारले. बौद्धांचे विधी प्रत्यक्ष पाहावे आणि हा धर्म येथे कितपत जिवंत आहे याचा अदमास घ्यावा, एवढ्यासाठी आपण आलो आहोत, अशा आशयाचे त्यांनी सांगितले होते. तो मोसम पेरहेराचा नव्हे, तेव्हा त्या भेटीत त्यांच्या दृष्टीस ही मिरवणूक पडली नाही. परंतु हा तोच पुरुष, ज्याने १९२८ साली मुंबईच्या कायदेकौन्सिलात महार वतनाच्या सुधारणेचे बिल आणले होते. मूठभर जमिनीच्या आणि बलुत्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकीची व सरकारची हरकामे करावयास लावणारी ती व्यवस्था माणसाला पिढ्यान् पिढ्या जखडून ठेवते, हे ज्याने आकडे आणि दाखले देऊन मांडले होते. वतन अखेर मोडले ते १९५८ च्या कायद्याने, त्यांच्या निधनानंतर. कँडीच्या धर्माची नाडी पाहणाऱ्या त्या चिकित्सकाला या मंदिराच्या जमाखर्चात काय दिसले असते, हा विचार त्या पडवीत बसलो असता माझ्या मनातून जाईना. महार वतन आणि वाजंत्र्याचा पंगुव या दोन्ही एकच वस्तू होत, असे मी म्हणणार नाही. येथे सेवा ठरलेल्या दिवसांची आहे, ती करणारा कलावंत म्हणून वाखाणला जातो, आणि पैसे भरून सुटण्याची वाट दीडशे वर्षे उघडी आहे. परंतु मल्वत्त आणि अस्गिरिय ज्या सयाम निकायाचे, म्हणजे भिक्षुपंथाचे, त्यात गोयिगम या शेतकरी उच्च जातीबाहेरच्याला उपसंपदा मिळत नाही, आणि म्हणूनच दक्षिण किनाऱ्यावरच्या इतर जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन दीक्षा घ्यावी लागली व १८०३ मध्ये अमरपूर निकाय उभा करावा लागला, हेही विसरता येत नाही. जो ढोल वाजवून दरवाजा उघडवतो, त्याचा मुलगा त्या दरवाजाच्या आत भिक्षू म्हणून बसू शकत नाही. मिरवणुकीचे सौंदर्य या वस्तुस्थितीने कमी होत नाही. पण ती ठाऊक झाल्यावर ते निर्वेधपणे भोगता येत नाही, एवढे खरे.

शेवटच्या रात्रीनंतर पहाटे गेटंबे येथे महावेली नदीवर पाणी कापण्याचा विधी होतो. चारही देवळांचे पुजारी होडीतून पात्रात जातात, तलवारीने पाण्यावर वर्तुळ काढतात व त्या वर्तुळातले पाणी घागरींत भरून घेतात. ते पुढल्या उत्सवापर्यंत देवळांत राहते. मग पौर्णिमेच्या दुपारी दिवसाचा पेरहेरा निघतो. मशाली नसल्यामुळे त्यात घामाचे ओघळ, विरलेल्या झुली आणि मुलांच्या चेहऱ्यांवरचा थकवा हे सारे स्पष्ट दिसते, आणि माझ्या मते रात्रीच्यापेक्षा तोच अधिक पाहण्यासारखा आहे. तो संपला म्हणजे दियवदन निलमे व चारही बस्नायक निलमे राष्ट्राध्यक्षांच्या कँडीतील निवासस्थानी जातात, आणि पेरहेरा रूढीप्रमाणे निर्विघ्न पार पडला असा लेखी वृत्तान्त राष्ट्रप्रमुखाला सादर करतात. राजाच्या जागी आता निवडून आलेला माणूस असतो, इतकाच बदल.

वादकांची बिऱ्हाडे त्याच संध्याकाळी हलली. ढोल जुन्या कापडात बांधले जात होते. म्हातारबुवांचा मुलगा कुरुणेगलच्या एका कचेरीत कारकून असून रजा टाकून आला होता. त्याला इंग्रजी येत असल्यामुळे शिक्षकांच्या मध्यस्थीची गरज पडली नाही. वडिलांनंतर काय करणार, असे मी विचारले. रोख भरणार, तो म्हणाला, ढोल चालूच ठेवणार, पण स्वतःच्या खुशीने. मग जरा थांबून त्याने बापाकडे पाहिले.

“पैसे भरले तरी कागदावर त्या जमिनीचे नाव हेविसी पंगुव असेच राहते, महत्तया. विकली तर सुटेन. पण इतकी चांगली भातजमीन कोण विकतो?”

बसची वेळ झाली होती. बापलेकांनी ढोल दोन्ही बाजूंनी उचलला आणि ते स्थानकाकडे निघाले.